कर्नल बिल्ड करताना लिंकरचा 'मल्टिपल डेफिनिशन' एरर कसा सोडवायचा

सांगलीत विश्रामबागेत आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन बसतो. मिरज, तासगावची मुलं असतात, अधूनमधून कराड-साताऱ्याहूनही कुणी येतं. कुणी लिनक्स कर्नल बिल्ड करत असतं, कुणी एक्सव्ही६ या शिकण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवीन सिस्टिम कॉल घालत असतं, तर कुणी स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असतं. या सगळ्यांना हमखास अडवणारा एक एरर आहे, लिंकरचा 'मल्टिपल डेफिनिशन'. लिंकर म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडून एक प्रोग्रॅम बनवणारं हत्यार, आणि एकाच नावाच्या दोन व्याख्या भेटल्या की तो हा एरर देतो. आणि त्यावर जवळपास प्रत्येक जण एकच चूक करतो. एरर वाचायचा, इंटरनेटवर शोधायचा, पहिला सापडलेला ऑप्शन मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) डकवायचा आणि बिल्ड पूर्ण झाला की पुढे जायचं. मग बूट करताना यंत्र अडकतं. तोवर या ऑप्शनची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

हा एरर सोडवायला एक ठरलेला क्रम आहे. तो पाळला तर बहुतेक वेळा अर्ध्या तासात उत्तर मिळतं.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांतच टाका. 'मोठा टी' म्हणजे कॅपिटल अक्षर आणि 'छोटा टी' म्हणजे स्मॉल, हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

## आधी एवढं पक्कं करा

घोषणा आणि व्याख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोषणा म्हणजे 'ओढ्याच्या पलीकडे अमक्याचं रान आहे' असं कुणी सांगणं. व्याख्या म्हणजे त्या रानाचा सातबारा. सांगणारे शंभर असले तरी चालतात, सातबारा मात्र एकच लागतो. सीमध्ये 'एक्सटर्न इंट काउंट;' ही घोषणा झाली आणि 'इंट काउंट = ०;' ही व्याख्या. फंक्शनचं नुसतं प्रोटोटाइप ही घोषणा, कंसातल्या बॉडीसकट लिहिलेलं फंक्शन ही व्याख्या.

लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फाइली (सी फाइल कंपाइल झाल्यावर तयार होणाऱ्या .ओ फाइली) एकत्र जोडतो तेव्हा तो पुढचे नियम लावतो:

- 'स्टॅटिक' असलेलं नाव त्या फाइलीपुरतंच. दहा फाइलींत एकाच नावाचं स्टॅटिक फंक्शन असलं तरी भांडण नाही.
- दोन ग्लोबल पक्क्या व्याख्या भेटल्या तर एरर.
- एक पक्की आणि एक 'वीक', म्हणजे मुद्दाम कच्ची ठेवलेली, असेल तर पक्की जिंकते. लिंकर काहीच बोलत नाही.
- सगळ्या वीक असतील तर जोडणीच्या क्रमात आधी येणारी घेतली जाते. इथेही काही बोलत नाही.
- 'कॉमन' नावाचा एक जुना प्रकार आहे. सुरुवातीची किंमत न दिलेली ग्लोबल व्हेरिएबल्स या प्रकारात गेली असतील तर लिंकर सगळी मिळून एकच करतो आणि आकार सर्वांत मोठ्याचा ठेवतो.

सीमध्ये नेमस्पेस नाही. कर्नलमधल्या हजारो फाइलींची ग्लोबल नावं एकाच अंगणात उभी असतात. म्हणून 'इनिट', 'रिसेट', 'डीबग', 'टाइमआउट' अशी नावं ड्रायव्हरमध्ये उघडी ठेवली की कुठेतरी धडकणारच.

## टप्पा १: तयारी

१. कॉन्फिगची, म्हणजे कर्नलसाठी निवडलेल्या पर्यायांच्या फाइलीची, प्रत काढा. 'सीपी .कॉन्फिग ../कॉन्फिग-जपून'. हे आधी सांगतोय, कारण 'मेक एमआरप्रॉपर' ही आज्ञा .कॉन्फिग पुसून टाकते. मिरजेच्या एका मुलानं दोन संध्याकाळी बसून निवडलेले पर्याय एका एंटरमध्ये घालवले होते.

२. कंपायलरची आवृत्ती लिहून ठेवा. 'जीसीसी --व्हर्जन' चालवा. क्रॉस कंपायलर (दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी कोड बनवणारा) वापरत असाल तर त्याचीही आवृत्ती वेगळी नोंदवा. यंत्रावर दोन कंपायलर असतात आणि एरर त्यातल्या कुणामुळे आला हे पुढे ठरवावं लागतं.

३. जुन्या ऑब्जेक्ट फाइली काढा. ब्रँच बदलली, कंपायलर बदलला किंवा फाइलीचं नाव बदललं असेल तर एकदा स्वच्छ बिल्ड करा. स्वतःच्या मेकफाइलमध्ये 'सगळ्या .ओ फाइली जोड' असा वाइल्डकार्ड असेल तर हे विसरून चालणारच नाही. नाव बदलण्याआधीची .ओ फाइल तिथेच पडून असते आणि तीही जोडली जाते. मग तुम्ही सोर्समध्ये दुसरी व्याख्या शोधत बसता, आणि ती तिथे नसतेच.

४. शक्य असेल तर बिल्ड वेगळ्या फोल्डरमध्ये करा. 'मेक ओ=../बिल्ड', यातला ओ मोठा. सोर्स स्वच्छ राहतो आणि शंका आली तर अख्खं फोल्डर उडवता येतं.

५. एरर एकट्याचा वाचा. 'मेक -जे८' नं आठ कामं एकदम चालतात आणि त्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात. पण जुन्या लॅपटॉपवर सगळा कर्नल -जे१ नं बिल्ड करायचा म्हणजे दिवस जाईल. म्हणून आधी नेहमीप्रमाणे -जे८ नं चालवा, अडकू द्या, आणि मग परत 'मेक -जे१ व्ही=१ २>&१ | टी बिल्ड.लॉग' चालवा. झालेलं काम पुन्हा होत नाही, फक्त अडलेली पायरी स्वच्छ दिसते. मोठ्या व्ही=१ मुळे लिंकरला दिलेली पूर्ण आज्ञाही दिसते.

तपासणी: एररच्या आधी कोणती ओळ आहे? (जुन्या कर्नलमध्ये हा छोटा शब्द व्ही=१ न देता केलेल्या बिल्डमध्येच दिसतो.) 'एलडी' (लिंकर), 'होस्टएलडी' (लॅपटॉपवरच चालणारं हत्यार जोडणं) की 'मॉडपोस्ट' (मॉड्यूलची तपासणी)? हा शब्द वहीत लिहून ठेवा.

## टप्पा २: ओरडतंय कोण, ते ठरवा

पाच वेगवेगळे एरर लोक 'लिंकरचा एरर' म्हणून आणतात. त्यातला प्रत्येक वेगळ्या जागी सुटतो.

'रीडेफिनिशन ऑफ' असं आलं तर तो कंपायलर आहे, लिंकर नव्हे. एकाच सी फाइलीत, तिच्या इनक्लूडसकट, तीच व्याख्या दोनदा आली. इथे हेडरचा इनक्लूड गार्ड उपयोगी पडतो.

'सिम्बॉल इज ऑलरेडी डिफाइन्ड' असं आलं तर तो असेंबलर. इनलाइन असेंब्लीत तुम्ही लेबलला नाव दिलंय आणि कंपायलरनं ते फंक्शन दोन ठिकाणी इनलाइन केलंय. नावाऐवजी '१:' असं अंकाचं लेबल द्या आणि त्याकडे '१बी' किंवा '१एफ' नं जा.

'मल्टिपल डेफिनिशन ऑफ' म्हणजे ग्नू लिंकर. एलएलडी हा दुसरा लिंकर वापरत असाल तर तोच एरर 'डुप्लिकेट सिम्बॉल' या शब्दांत येतो. हा लेख मुख्यतः याच्याविषयी आहे.

'एक्सपोर्टेड ट्वाइस' हे मॉडपोस्ट सांगतं. एकच नाव दोन ठिकाणांहून 'एक्सपोर्ट सिम्बॉल' झालंय. बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरमध्ये कर्नलमधल्याच एखाद्या फाइलीची प्रत असेल तर हे होतं.

'एक्सपोर्ट्स डुप्लिकेट सिम्बॉल' हे बिल्डमध्ये नाही, मॉड्यूल लोड करताना 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, दिसतं. टर्मिनलवर मात्र 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' एवढंच येतं, त्यामुळे लोक आवृत्तीचा घोळ समजून कर्नल पुन्हा बिल्ड करतात. 'मॉड्यूल फॉरमॅट' दिसलं की आधी डीमेसेजच्या शेवटच्या दहा ओळी बघा.

## टप्पा ३: दोन्ही मालक शोधा

एररची ओळ साधारण अशी असते: 'बी.ओ:(.बीएसएस+०एक्स०): मल्टिपल डेफिनिशन ऑफ काउंट, ए.ओ:(.बीएसएस+०एक्स०): फर्स्ट डिफाइन्ड हिअर'.

यातल्या 'फर्स्ट डिफाइन्ड हिअर' या शब्दांवरून लोक समजतात की ए.ओ मधली व्याख्या खरी आणि बी.ओ मधली चोरटी. तसं नाही. लिंकरला ए.ओ आधी दिली होती, एवढाच त्याचा अर्थ. कोण खरं, हे सोर्स वाचून तुम्हालाच ठरवायचं आहे.

कंसातल्या सेक्शनवरूनही बरंच कळतं. '.टेक्स्ट' असेल तर फंक्शन, '.डेटा' असेल तर किंमत दिलेलं व्हेरिएबल, '.बीएसएस' असेल तर किंमत न दिलेलं किंवा शून्य दिलेलं व्हेरिएबल.

आता ते नाव आणखी कुठे कुठे आहे ते बघा:

'फाइंड . -नेम "*.ओ" | एक्सआर्ग्ज एनएम -ए | ग्रेप " काउंट$"'

एनएम ही आज्ञा ऑब्जेक्ट फाइलीतली नावं दाखवते. इथे तिचा ए मोठा आहे, त्यामुळे प्रत्येक ओळीआधी फाइलीचं नाव येतं. नावाच्या आधीचं अक्षर वाचायला शिका. मोठा टी म्हणजे ग्लोबल फंक्शन, छोटा टी म्हणजे स्टॅटिक फंक्शन. डी आणि बी हे डेटा आणि बीएसएस. मोठा सी म्हणजे कॉमन. यू म्हणजे इथे फक्त वापर आहे, व्याख्या नाही. डब्ल्यू किंवा व्ही म्हणजे वीक. भांडण नेहमी मोठ्या अक्षरांत असतं. छोट्या अक्षराच्या ओळी सोडून द्या.

सावध: कर्नलमध्ये काही .ओ फाइली इतर .ओ जोडून तयार होतात. 'ड्रायव्हर.ओ' ही 'मेन.ओ' आणि 'युटिल.ओ' मिळून झाली असेल तर एकच सिम्बॉल दोन ओळींत दिसेल. ते भांडण नव्हे. सर्वांत आतल्या फाइली मोजा.

तपासणी: पुढे जाण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा. नाव काय, दोन फाइली कोणत्या, दोन्हीकडे अक्षर कोणतं. हे तीन नसतील तर सोर्सला हात लावू नका.

## टप्पा ४: कारण ओळखून दुरुस्ती

### ४.१ हेडरमध्ये व्हेरिएबल

माझ्यासमोर येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त. हेडरमध्ये 'इंट काउंट;' लिहिलंय आणि ते हेडर पाच सी फाइलींत इनक्लूड केलंय, म्हणजे पाच व्याख्या झाल्या.

'पण मी इनक्लूड गार्ड टाकलाय' हे उत्तर मला दर महिन्याला ऐकायला मिळतं. गार्ड एका सी फाइलीच्या आत तेच हेडर दोनदा येऊ देत नाही. पाच सी फाइली पाच वेगळ्या वेळी कंपाइल होतात, प्रत्येक वेळी गार्ड नव्यानं सुरू होतो. या एररवर गार्डचा काडीचाही उपयोग नाही.

दुरुस्ती: हेडरमध्ये 'एक्सटर्न इंट काउंट;' आणि एकाच सी फाइलीत 'इंट काउंट;'. हेडरमधल्या एक्सटर्नला '= ०' लावू नका, तसं केलं की ती परत व्याख्याच होते.

### ४.२ 'काल चालत होतं, आज चालत नाही'

जीसीसीची १०वी आवृत्ती मे २०२० मध्ये आली आणि तिनं एक जुनी सवय बदलली. त्याआधी सीमधली किंमत न दिलेली ग्लोबल व्हेरिएबल्स कॉमन प्रकारात जायची आणि लिंकर ती गुपचूप एकत्र करायचा. जीसीसी १० पासून '-एफनो-कॉमन' हीच मूळ सेटिंग झाली. क्लँग या दुसऱ्या कंपायलरनंही ११व्या आवृत्तीत हाच बदल केला. उबुंटू २०.०४ वर जीसीसी ९ मिळतो आणि २२.०४ वर जीसीसी ११. म्हणून तोच सोर्स एका लॅपटॉपवर बिल्ड होतो आणि शेजारच्या लॅपटॉपवर होत नाही.

कोरेगावचा एक मुलगा साताऱ्यात आमच्या एका बैठकीला एक डेव्हलपमेंट बोर्ड घेऊन आला होता. बोर्डाच्या विक्रेत्यानं दिलेला कर्नल ४.९, लॅपटॉपवर उबुंटू २२.०४. एरर होता: डीटीसी-पार्सर.टॅब.ओ आणि डीटीसी-लेक्सर.लेक्स.ओ या दोन्हींत 'वायवायएललॉक'. तो म्हणाला, "सर, तीन वेगळे क्रॉस कंपायलर लावून बघितले, तरी तोच एरर येतोय."

मी म्हटलं, "एररच्या वरची ओळ वाच." वर लिहिलं होतं 'होस्टएलडी स्क्रिप्ट्स/डीटीसी/डीटीसी'. म्हणजे हा प्रोग्रॅम बोर्डावर चालणारच नव्हता. डिव्हाइस ट्री कंपाइल करायला लागणारं ते हत्यार, लॅपटॉपवर चालणारं आणि लॅपटॉपच्याच जीसीसीनं बनणारं. क्रॉस कंपायलर दहा बदलले असते तरी इथे काही फरक पडला नसता.

मग दुसरी अडचण निघाली. त्यानं इंटरनेटवर वाचून डीटीसी-लेक्सर.एल मधली 'वायवायएलटाइप वायवायएललॉक;' ही ओळ काढलीही होती, तरी एरर जात नव्हता. कारण त्या काळच्या कर्नलमध्ये लेक्सरची आधीच तयार केलेली प्रत सोर्समध्येच ठेवलेली असायची, डीटीसी-लेक्सर.लेक्स.सी_शिप्ड या नावानं. बिल्ड होताना .एल फाइल वाचलीच जात नव्हती, शिप्ड प्रत उचलली जात होती. त्या प्रतीतली ती एक ओळ काढली आणि बिल्ड पुढे सरकला. मूळ कर्नलमध्येही २०२० साली हीच दुरुस्ती झाली, लेक्सरमधली जादा व्याख्या काढून टाकली गेली.

इथून एक सवय लावून घ्या. ऑब्जेक्ट फाइल नेमक्या कोणत्या सोर्समधून तयार झाली हे मोठ्या व्ही=१ च्या लॉगमध्ये पाहूनच फाइल उघडायची.

आता या प्रकारातली सर्वांत नाजूक जागा. कॉमनमुळे एकत्र झालेली दोन व्हेरिएबल्स खरोखर एकच असायला हवी होती का? उत्तर दोन प्रकारचं असतं, आणि दोन्हींत बिल्ड पास होतो.

- दोन्ही फाइलींना एकच किंमत वाटून घ्यायची होती. वरच्या उदाहरणात लेक्सर जागेची माहिती भरतो आणि पार्सर ती वाचतो. इथे एक व्याख्या, बाकी एक्सटर्न.
- दोन वेगळ्या माणसांनी आपापल्या ड्रायव्हरमध्ये योगायोगानं 'टाइमआउट' हे एकच नाव ठेवलं होतं. इथे दोन्हीकडे स्टॅटिक.

पहिल्या प्रकारात स्टॅटिक केलं तर एक फाइल लिहीत राहील आणि दुसरी कायम शून्य वाचत राहील. दुसऱ्या प्रकारात एक्सटर्न केलं तर एका ड्रायव्हरचा टाइमआउट दुसरा बदलत राहील. दोन्ही चुका लिंकरला दिसत नाहीत. म्हणून कोणती फाइल त्यात लिहिते आणि कोणती वाचते, हे 'गिट ग्रेप -एन टाइमआउट' नं पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

'होस्टसीफ्लॅग्स'मध्ये '-एफकॉमन' टाकूनही हा एरर जातो. आज बोर्ड चालू करायचाच आहे, उद्या परत द्यायचा आहे, अशा वेळी तो तात्पुरता मार्ग म्हणून मला मान्य आहे, फक्त आधी दोन्ही व्हेरिएबल्स एकाच प्रकारची आहेत ना ते बघा. एकीकडे इंट आणि दुसरीकडे लाँग असेल तर तो मार्गही बंद.

### ४.३ सी फाइलीत सी फाइल

'इनक्लूड "हेल्पर.सी"' असं लिहिलंय आणि मेकफाइलमध्येही हेल्पर.ओ आहे. व्याख्या दोन झाल्या. इनक्लूड काढा, हेल्पर.एच लिहा. कर्नलच्या 'ओबीजे-वाय' यादीत तीच .ओ चुकून दोनदा लिहिली गेली तर मात्र केबिल्ड (कर्नलची बिल्ड यंत्रणा) दुसरी दुर्लक्षित करतं. त्यामुळे त्या यादीत संशय घेऊन वेळ घालवू नका.

### ४.४ दोन ड्रायव्हर, दोन्ही आत

कॉन्फिगमध्ये दोन ड्रायव्हर 'एम' (वेगळं लोड होणारं मॉड्यूल) असताना बिल्ड होतो, दोन्ही 'वाय' (कर्नलच्या आतच) केले की धडकतात. मॉड्यूल वेगवेगळे जोडले जातात, म्हणून त्यांची एक्सपोर्ट न केलेली नावं एकमेकांना दिसत नाहीत. कर्नलच्या आत मात्र सगळे एकत्र येतात. एकाला परत एम करून सुटका करून घेऊ नका. फंक्शन फक्त स्वतःच्या फाइलीत वापरलं जात असेल तर स्टॅटिक करा. अनेक फाइलींत वापरलं जात असेल तर ड्रायव्हरचं नाव पुढे लावा. 'रिसेट' नको, 'अमुकड्रायव्हर_रिसेट' ठेवा.

स्टॅटिक केल्यावर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आलं तर घाबरू नका. ते फंक्शन बाहेरून कुणीतरी वापरत होतं आणि ते शोधायचं राहिलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. स्टॅटिक काढा आणि उपसर्ग लावा.

### ४.५ इनलाइनचा बदललेला अर्थ

जुन्या सोर्समधल्या हेडरमध्ये 'एक्सटर्न इनलाइन' फंक्शन असतील आणि प्रत्येक .ओ मध्ये त्यांची व्याख्या दिसत असेल तर कारण हे: जीसीसी ५ पासून मूळ भाषामान ग्नू८९ ऐवजी ग्नू११ झालं, आणि या दोन मानांत 'एक्सटर्न इनलाइन'चे अर्थ नेमके उलटे आहेत. जुन्यात ते वेगळी व्याख्या तयार करत नव्हतं, नव्यात करतं. दुरुस्ती सोपी, हेडरमध्ये 'स्टॅटिक इनलाइन' लिहा. परक्या सोर्सला हात लावायचा नसेल तर '-एफग्नू८९-इनलाइन' द्या.

### ४.६ एक्सव्ही६ आणि स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम

एक्सव्ही६ मध्ये प्रत्येक युजर प्रोग्रॅमला यूलिब.ओ, युसिस.ओ, प्रिंटएफ.ओ आणि यूमॅलॉक.ओ थेट जोडल्या जातात. म्हणून प्रोग्रॅममध्ये स्वतःचं 'एसटीआरलेन' किंवा 'वेट' लिहिलं की एरर. नाव बदला किंवा स्टॅटिक करा, पण हेडरमध्ये त्याच नावाचं प्रोटोटाइप आधीच असल्यानं स्टॅटिकवर कंपायलर हरकत घेईल. नाव बदलणंच बरं.

'मी लिनक्सवर स्वतःचं एसटीआरलेन लिहिते तेव्हा एरर का येत नाही?' हा प्रश्न तासगावच्या एका मुलीनं विचारला होता, आणि प्रश्न फार चांगला होता. लिनक्सवर सीची लायब्ररी सहसा शेअर्ड म्हणजे .एसओ असते, तिच्यातल्या नावाशी भांडण होत नाही, तुमचंच वापरलं जातं. आर्काइव्ह म्हणजे .ए फाइल असेल तर लिंकर तिच्यातली एखादी .ओ तेव्हाच ओढतो जेव्हा एखादं नाव अजून सापडलेलं नसतं. तुमचं एसटीआरलेन आधी सापडलं तर आर्काइव्हमधलं ओढलंच जात नाही. थेट दिलेली .ओ मात्र नेहमी जोडली जाते. यातूनच एक चकवा तयार होतो: आर्काइव्हमधल्या एकाच .ओ मध्ये 'मेमसीपीवाय' आणि 'मेमसेट' दोन्ही असतील, तुम्ही फक्त मेमसीपीवाय स्वतः लिहिलं असेल आणि मेमसेट त्यांचं वापरत असाल, तर मेमसेटसाठी ती अख्खी .ओ ओढली जाते आणि मेमसीपीवाय धडकतं. मेमसीपीवाय कोणकोणत्या फाइलींत येतंय हे बघायला एलडीला '--ट्रेस-सिम्बॉल=मेमसीपीवाय' द्या.

स्वतःच्या कर्नलमध्ये '_स्टार्ट'ची दुसरी व्याख्या सीआरटी१.ओ मध्ये दिसली तर जीसीसी लिनक्सची सुरुवातीची फाइल आपणहून जोडतोय. '-नोएसटीडीलिब' आणि '-एफफ्रीस्टँडिंग' द्या. मात्र फ्रीस्टँडिंग असतानाही जीसीसी मेमसीपीवाय, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमसीएमपी ही चार फंक्शनं गृहीत धरतो. ती एकदाच, एकाच फाइलीत लिहून ठेवा.

लिंकर स्क्रिप्टमध्ये 'एंड = .;' असं लिहिलं असेल आणि सीमध्येही 'एंड' असेल तर तेही भांडतं. 'प्रोव्हाइड(एंड = .);' लिहिलं तर सीमधली व्याख्या असल्यास ती चालते, नसल्यास स्क्रिप्टची.

### ४.७ एरर न देणारा संघर्ष: वीक

हा प्रकार मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण लिंकर एक अक्षर बोलत नाही. कर्नलमध्ये सामान्य फंक्शनला '__वीक' लावतात, म्हणजे एखाद्या आर्किटेक्चरला ते स्वतःच्या पक्क्या फंक्शननं बदलता येतं. पद्धत योग्य आहे. पण कुणी '__वीक' हेडरमधल्या प्रोटोटाइपला लावलं की ते हेडर वाचणाऱ्या प्रत्येक फाइलीतली व्याख्या वीक होते, बदलायला लिहिलेलीसुद्धा. आता पक्की कुणीच उरली नाही, जोडणीत आधी येणारी जिंकते. मेकफाइलमध्ये दोन ओळी वर-खाली झाल्या तरी वागणूक बदलते.

'माझं फंक्शन चालतच नाही' असं वाटलं तर एनएमनं अक्षर बघा. तुमच्या .ओ मध्ये मोठ्या टीच्या जागी डब्ल्यू दिसला की हेडर उघडा. वीक फक्त सी फाइलीतल्या व्याख्येला, प्रोटोटाइपला कधीच नाही.

## टप्पा ५: सोर्सच नसेल तर

विक्रेत्यानं फक्त .ओ किंवा .ए दिली असेल आणि तिच्यातलं नाव तुमच्याशी भांडत असेल तर 'ऑब्जकॉपी' वापरा. नाव त्या फाइलीबाहेर कुणाला लागत नसेल तर '--लोकलाइझ-सिम्बॉल=नाव'. लागत असेल तर '--रीडिफाइन-सिम जुनं=नवं'. मूळ फाइल जपून ठेवा आणि बदल प्रतीवर करा. लोकलाइझ केल्यावर एनएमनं अक्षर मोठ्याचं छोटं झालंय का बघा.

हे करू नका: '--अलाउ-मल्टिपल-डेफिनिशन' किंवा '-झेड मल्डेफ्स'. इंटरनेटवर पहिलं उत्तर बहुतेक हेच सापडतं. यानं लिंकर आधी भेटलेली व्याख्या घेतो आणि बाकीच्या टाकून देतो. दोन ठिकाणी आकार वेगळे असतील तर एक फाइल स्वतःची जागा समजून शेजाऱ्याच्या मेमरीत लिहिते. साध्या प्रोग्रॅममध्ये तो प्रोग्रॅम पडेल. कर्नलमध्ये मात्र भलतीकडेच काहीतरी बिघडेल आणि तुम्ही आठवडाभर चुकीच्या फाइलीत शोधत राहाल. मेकफाइलमध्ये हे कुणी आधीच टाकलंय का, हे नवीन सोर्स हातात घेतल्याबरोबर ग्रेप करून बघा.

## टप्पा ६: दुरुस्ती खरी झाली का

१. जपलेला कॉन्फिग परत ठेवून पूर्ण स्वच्छ बिल्ड करा. अर्धवट बिल्डवर विश्वास ठेवू नका.

२. 'ग्रेप " काउंट$" सिस्टिम.मॅप' चालवा. सिस्टिम.मॅप म्हणजे तयार कर्नलमधल्या नावांची यादी. मोठ्या अक्षराची ओळ एकच हवी. छोट्या अक्षराच्या कितीही असोत.

३. 'मेक सी=१', मोठा सी, चालवून स्पार्स या सोर्स तपासणाऱ्या हत्याराकडून तपासून घ्या. 'शुड इट बी स्टॅटिक?' असं तो विचारतो तिथे पुढचा संघर्ष दबा धरून बसलेला असतो. कर्नल ६.८ पासून '-डब्ल्यूमिसिंग-प्रोटोटाइप्स' ही सूचना मुळातच चालू आहे, तिच्याकडेही दुर्लक्ष नको.

४. जुन्या जीसीसीवर काम करत असाल तर स्वतःच्या सोर्सला '-एफनो-कॉमन' आत्ताच लावा. उद्या यंत्र बदलल्यावर येणारा एरर आज दिसेल.

५. क्यूईएमयूवर (यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) बूट करा आणि ज्या फाइलींना हात लावला त्यांचं काम प्रत्यक्ष चालवून बघा. टाइमआउट बदलला असेल तर टाइमआउट होऊ द्या. डीटीसीला हात लावला असेल तर .डीटीएस फाइलीत मुद्दाम एक चूक करा आणि डीटीसी तिचा बरोबर ओळ क्रमांक दाखवतो का ते पाहा.

६. कमिटमध्ये चार गोष्टी लिहा: कोणतं नाव, कोणत्या दोन फाइली, कोणता कंपायलर, आणि व्याख्या एकीकडे का ठेवली किंवा दोन्हीकडे स्टॅटिक का केली. कोरेगावच्या त्या मुलानं असा कमिट लिहिला होता. दोन महिन्यांनी त्याच बोर्डवर अडलेल्या कराडच्या मुलीला मी तोच पाठवला, आणि तिचा बिल्ड त्याच संध्याकाळी पूर्ण झाला.